काळ्या ऑइलचा हिशोब

(जिल्हा बैठकीच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या मांडणीचा मजकूर)



सकाळपासून भावावर, विजेवर, कर्जावर बोलणे झाले. आता जेवणानंतरची वेळ, डोळे जड झालेले. म्हणून या सत्रात आम्ही सातजण एक साधा विषय घेऊन उभे आहोत. मालगाडीचे ऑइल आणि डिझेलच्या गाळण्या आपल्या हाताने बदलायच्या कशा. काहीजण हसतील की हा काय बैठकीचा विषय आहे? पण आपण उत्पादनखर्च काढायला शिकलो तेव्हाही पुष्कळ लोक हसलेच होते. बियाणे लिहिले, खत लिहिले, फवारा लिहिला, वेचणी लिहिली. वाहतूक मात्र आपण 'भाडे' असा एक शब्द लिहून मोकळे होतो. त्या शब्दाच्या आत काय असते ते आम्हाला गाडी घेतल्यावर कळले.

आमच्या बापांच्या काळात कापूस बंडीतून जायचा. १९७२ साली एकाधिकार खरेदी सुरू झाली, तेव्हापासून संकलन केंद्रापुढे बंड्यांच्या रांगा लागत, बैल सोडून माणसे बंडीखाली झोपत. ते दिवस गेले. आता जिनिंगच्या फाटकापुढे ट्रक, टेम्पो आणि ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा असतात. ज्याची स्वतःची गाडी नाही त्याला भाडेवाला सांगेल त्या दिवशी आणि सांगेल त्या बाजारात माल न्यावा लागतो. म्हणून आम्ही सात घरांनी पैसे गोळा करून एक जुनी चारशेसात घेतली. ही गाडी १९८६ साली बाजारात आली आणि पुढे सगळ्या महाराष्ट्रात कापूस, कडबा, भाजीपाला, लग्नाचे वऱ्हाड, सगळेच तिने वाहिले. आमचीही तशीच पुष्कळ फिरलेली, पण इंजिन निरोगी होते.

पहिली चूक आमची आम्हीच सांगतो, म्हणजे पुढचे ऐकायला तुम्हाला बरे वाटेल.

दुसऱ्याच हंगामात आम्ही ठरवले की ऑइल घरीच बदलायचे. मजुरीचे तीन-चारशे रुपये वाचतील. आमच्यातल्या एकाने ट्रॅक्टरवर हात चालवलेला होता. त्याने जुनी ऑइलची गाळणी फिरवून काढली, नवी बसवली, ऑइल भरले, गाडी चालू केली. सगळे ठीक होते. तिसऱ्या दिवशी अकरा घरांचा वेचलेला कापूस भरून गाडी बाजाराला निघाली. पंचवीस-तीस किलोमीटरवर ऑइलचा लाल दिवा लागला. दुपारचे ऊन समोरून होते, गाडी चालवणाऱ्याच्या लक्षात यायला वेळ लागला. लक्षात आल्यावरही त्याला वाटले, दोन किलोमीटरवर पेट्रोल पंप आहे, तिथे जाऊन बघू. त्या दोन किलोमीटरात इंजिनातून हातोडा मारल्यासारखा आवाज आला आणि गाडी बसली.

झाले होते ते असे. जुन्या गाळणीचे रबरी वायसर तिच्यासोबत निघालेच नव्हते, ते वर इंजिनाच्या तोंडाला चिकटून राहिले. नवी गाळणी तिच्या स्वतःच्या वायसरसकट त्यावर बसली. दोन वायसरे एकावर एक. थंड इंजिनात ते धरून राहते. भार भरून गाडी पळायला लागली, ऑइलचा दाब चढला की वरचे वायसर सरकते आणि इंजिनातले सगळे ऑइल रस्त्यावर येते. त्याला पाच-सात मिनिटेही लागत नाहीत. रस्त्यावर मागे काळी रेघ पडलेली होती, ती आम्ही नंतर पाहिली.

क्रँकची बेअरिंगे गेली, क्रँक घासून घ्यावा लागला, पंचेचाळीस हजारांचा खर्च आला. कापूस दुसऱ्या गाडीत भरेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि वरून पाऊस. भिजलेल्या कापसाला काय भाव मिळतो ते या सभागृहात सांगण्याची गरज नाही. पण खरे भांडण पुढे झाले. ज्याने गाळणी बसवली त्याने खर्च भरावा, असे तिघांचे म्हणणे. ज्याने दिवा दिसूनही गाडी ओढली त्याने भरावा, असे दोघांचे. महिनाभर आम्ही एकमेकांच्या धुऱ्यावरून जाताना बोलत नव्हतो. गाडी विकून टाकायची इथपर्यंत गोष्ट आली होती.

शेवटी आमच्यातल्याच एका घरची म्हातारी बोलली. ती म्हणाली, बंडीचा आख कोरडा चालला आणि चाक धरले तर तुमचा आजा बैलाला मारत बसत नव्हता, बंडीच्या खाली वंगणाचा नळा टांगलेला आहे का ते आधी पाहत होता. मग आम्ही खर्च सात ठिकाणी वाटला आणि एक नियम केला. जुने वायसर दुसऱ्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय नवी गाळणी डब्यातून बाहेर काढायची नाही. काम एकाचे, पाहणी दुसऱ्याची, आणि वहीत सही दोघांची. त्यानंतर आजपर्यंत ऑइल आम्हीच बदलतो आणि गाडी त्या कारणाने उभी राहिलेली नाही.

आता काम. आधी ऑइल कशासाठी असते ते समजून घेऊ, कारण ते समजले नाही तर बाकीचे पाठांतर होते. ऑइल घासणाऱ्या भागांमध्ये पातळ पडदा धरते, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याशिवाय ते पिस्टनची उष्णता खाली आणते आणि डिझेल जळून झालेली काजळी आपल्या अंगात धरून ठेवते, कुठे साचू देत नाही. म्हणून डिझेल गाडीत नवे ऑइल घातले की दोन दिवसांत काळे होते. ते खराब झाले म्हणून नव्हे, काम करू लागले म्हणून. पुष्कळजण पट्टी काढून रंग बघतात आणि म्हणतात, काळे झाले, बदला. किंवा उलट, वास बरा येतो, चालू द्या. दोन्ही चूक. डोळ्याने ऑइलचे आयुष्य कळत नाही. ते किलोमीटरने, तासांनी आणि महिन्यांनी मोजायचे.

रंगावरून एवढेच कळते. ऑइल ताकासारखे पांढरट झाले असेल तर त्यात पाणी शिरले आहे. पातळ होऊन डिझेलचा वास येत असेल आणि पट्टीवर पातळी आपोआप वर चढलेली असेल तर डिझेल उतरते आहे. घरचा कोणी म्हणेल, वा, आपली गाडी ऑइल खात नाही, उलट वाढवते! अशी वाढ झाली की त्याच दिवशी मिस्त्रीकडे. आणि बोटांत चोळल्यावर चमचम करणारे कण लागले तर तो बेअरिंगचा नाहीतर दुसऱ्या कुठल्या धातूचा भुगा आहे.

कधी बदलायचे? गाडीसोबत पुस्तक येते त्यात लिहिलेले असते. जुनी गाडी घेताना ते पुस्तक मागून घ्या, लोक टायर बघतात आणि पुस्तक विसरतात. त्यात 'कठीण परिस्थिती' असा वेगळा रकाना असतो. धुळीचा रस्ता, जास्त भार, थोडे थोडे अंतर आणि वारंवार थांबणे. म्हणजे आपले रोजचे जगणे. कडबा भरताना, ज्वारीच्या मळणीच्या दिवसांत जी धूळ असते तिच्यात वाळूचे बारीक कण असतात, आणि ते पिस्टनच्या रिंगांना कानसासारखे घासतात. म्हणून आपण तोच रकाना पाहायचा. आम्ही त्याशिवाय दोन तारखा धरल्या आहेत. गाडी कमी चालली असली तरी दसऱ्याच्या आधी एकदा, म्हणजे कापूस घरात यायच्या अगोदर. आणि पाऊस लागण्याआधी एकदा पाहणी. दसऱ्याला तसेही हत्यारांची पूजा असते, आमच्याकडे पाने आणि गाळणीचा पट्टा पाटावर मांडतात.

डब्यावर १५डब्ल्यू-४० असे लिहिलेले असते. पहिला आकडा थंडीत ते किती पातळ राहते त्याचा, दुसरा गरम इंजिनात किती दाट राहते त्याचा. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या डिझेल गाड्यांना हे चालते, पण पुस्तकात जो दर्जा लिहिला असेल त्याच्या खालचे घेऊ नका. सुटे ऑइल तर नकोच. डब्याचे सील बघा, पावती घ्या, आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच भंगारात द्या. तुमचाच डबा भरून तुम्हालाच परत विकला जाऊ शकतो.

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक, गिअरमध्ये, चाकांना पुढून-मागून दगड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचे नाही, मग तो कितीही अनुभवी असो. इंजिन दहा मिनिटे चालवून घ्या. गरम ऑइल पातळ होते आणि गाळ सोबत घेऊन उतरते. मग बंद करून थोडे थांबा, कारण उकळते ऑइल हातावर आले की कातडी निघते. वरचे झाकण उघडा. खाली मोठे घमेले. चेंबरचा नट पान्याने सैल करा आणि शेवटचे आटे हाताने, आत दाबत दाबत फिरवा, म्हणजे नट घमेल्यात पडत नाही. पंधरा-वीस मिनिटे थेंब थेंब निथळू द्या. घाई करणारा अर्धा लिटर जुना घाण माल नव्यात मिसळतो.

नटाखालचे तांब्याचे वायसर दर वेळी नवे घाला. एवढे स्वस्त असते की त्यावर वेळ घालवू नये. नट पिळताना जोर दाखवायचा नाही. चेंबरचे आटे गेले तर वायसराच्या पैशांत चेंबर येत नाही.

गाळणी पट्ट्याने सैल करा, हाताने काढा. आणि मग तेच. जुने वायसर कुठे आहे? गाळणीवर नसेल तर वर चिकटले आहे. टॉर्च लावा, बोट फिरवा, चिंधीने तोंड पुसा. नव्या गाळणीच्या वायसराला बोटाने ऑइल लावा, गाळणी उभी बसत असेल तर आत ऑइल भरून घ्या, हाताने फिरवत टेकेपर्यंत आणा आणि मग गाळणीवर छापले असेल तेवढेच, बहुधा पाऊण फेरा, हातानेच आवळा. पट्टा काढण्यासाठी असतो, बसवण्यासाठी नाही.

ऑइल पट्टीच्या वरच्या खुणेच्या थोडे खाली येईल एवढे भरा. चालू करताना एक्सलरेटरला पाय लावू नका. काही सेकंदांत दिवा विझला पाहिजे. नाही विझला तर ताबडतोब बंद. विझला तर एकाने खाली वाकून गाळणी आणि नट पाहायचा. बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा पट्टी, आणि लागेल तेवढे घालून वरच्या खुणेपर्यंत. जास्त भरणे हा आपला आवडता दोष. बैलाला पेंड जास्त घालावी तसे आपण इंजिनाला ऑइल जास्त घालतो. खुणेच्या वर ऑइल गेले की क्रँक त्याला घुसळतो, फेस होतो, आणि फेसाचा पडदा बेअरिंग धरत नाही.

आता डिझेल. इथे जास्त लक्ष द्या, कारण ऑइलच्या बाबतीत इंजिन थोडे माफ करते, डिझेल पंप करत नाही. पंपाच्या आत जो दांडा वरखाली होतो त्याच्या आणि त्याच्या नळीच्या मध्ये दोन-चार मायक्रॉनची फट असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केस सत्तर-ऐंशी मायक्रॉन जाड. बॉश कंपनीने असे पंप १९२७ पासून मोठ्या प्रमाणावर बनवायला सुरुवात केली, आपल्याकडे १९५१ पासून बंगलोरची मायको आली, आणि खेड्यापाड्यांतल्या ट्रॅक्टर-ट्रकांना तेच घराणे मिळाले. यंत्र फार टिकाऊ, पण धूळ आणि पाणी हे त्याचे दोन वैरी. आणि आपण काय करतो? उघड्या ड्रममध्ये डिझेल ठेवतो, तोंडाने नळी ओढतो, बादलीने टाकीत ओततो.

ड्रम झाकलेला, सावलीत आणि थोडा तिरपा ठेवा. डिझेल आणल्यावर एक दिवस बसू द्या, पाणी आणि गाळ तळाला जातो. तळाचे चार बोटे डिझेल गाडीत घालू नका. गाडीची टाकी संध्याकाळी भरून ठेवा. अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने आतून घाम सुटतो, तेच पाणी.

जुन्या गाड्यांना बहुधा दोन वाट्यांची गाळणी असते. पहिल्या वाटीत कापडी किंवा नमद्याची, दुसरीत कागदी. पहिली पुस्तकात परवानगी असेल तर स्वच्छ डिझेलमध्ये धुता येते. कागदी कधीही धुवायची नाही, हवा मारायची नाही, उन्हात वाळवायची नाही. ती बदलायचीच. दोन्ही एकाच दिवशी आम्ही बदलत नाही. काम करताना एखादा कण आत पडलाच तर पुढची बसलेली गाळणी तो अडवते. वाटीखालचा स्क्रू आठवड्यातून एकदा सैल करून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घ्या. पाणी असेल तर खाली वेगळे दिसते. या कामाला पाच मिनिटे लागतात आणि पोरेसोरे आवडीने करतात.

पुसायला काय वापरायचे? दुकानात सुताचे वेस्ट मिळते, ते डिझेलच्या कामाला अजिबात नको. त्याचे तंतू सुटतात आणि नोझलपर्यंत पोचतात. आपलाच कापूस आपल्याच पंपात अडकावा, हे बरे नाही. जुने धुतलेले धोतर किंवा सुती साडीचा तुकडा चांगला.

वाटी उघडली की हवा शिरते. आपण म्हणतो, गाडीने एअर घेतली. स्टार्टर मारत बसू नका, बॅटरी उतरेल. गाळणीच्या डोक्यावरचा एअरचा स्क्रू दोन आटे सैल करा, पंपाजवळचा हातपंप चालवा. आधी फेस येईल, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. मग तेच डिझेल पंपावरच्या स्क्रूचे. बहुतेक वेळा एवढ्यावर गाडी लागते. सांडलेले डिझेल पुसून घ्या. आणि या सगळ्या वेळात बिडी नाही.

एक धोका नीट ऐका. नोझल दोनशे बारच्या आसपासच्या दाबाने उघडते. गळकी नळी शोधायला चालू इंजिनावर बोट फिरवू नका. बारीक धार कातडीतून आत जाते, वर सुईएवढे भोक दिसते, सुरुवातीला दुखतही नाही. तसे झाले तर घरी हळद लावून बसू नका, त्याच तासाला मोठा दवाखाना गाठा आणि डॉक्टरला 'डिझेल आत गेले आहे' असे स्पष्ट सांगा. हात वाचतो तो तेवढ्याने.

आता नव्या गाड्यांबद्दल. ज्यांनी एप्रिल २०२० नंतरची, बीएस-सहाची गाडी घेतली आहे त्यांनी वर सांगितलेले सगळेच तसेच्या तसे करू नये. ऑइल बदलता येते, पण पुस्तकातला दर्जा तोच हवा. जुन्या गाडीचे ऑइल तिच्यात घातले तर धुराच्या नळीतली जाळी बुजते. डिझेलच्या नळ्यांत दाब दीड हजार बारच्या वर असतो, त्या नळ्यांना पाना लावायचाच नाही. आणि गाळणी बसवताना तिच्यात उघडे डिझेल ओतायचे नाही. वॉरंटी चालू असेल तोवर कामे पावतीवर करून घ्या. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांना युरियाची वेगळी टाकी असते. ते पाणी शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया घालून केलेले असते. शेताचा युरिया विरघळवून त्यात घालायची कल्पना कोणाच्या तरी डोक्यात येणारच, म्हणून आधीच सांगतो. २०१५ पासून आपल्या युरियाला कडुनिंबाचे तेल लावलेले असते. ते त्या यंत्रणेत गेले की हजारोंचा फटका बसतो, आणि अनुदानाचा युरिया शेतीबाहेर वापरणे गुन्हाही आहे.

राहिले काळे ऑइल. पूर्वी आपण ते बंडीच्या लाकडाला वाळवी लागू नये म्हणून फासत होतो, बैलाच्या जखमेला लावणारेही पाहिले आहेत. बंद करा. त्या ऑइलात अपायकारक जिनसा असतात, रोज अंगाला लागले तर कातडीचा कॅन्सर होऊ शकतो. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा. धुऱ्यावर, नाल्यात, विहिरीजवळ ओतू नका. झाकणाच्या डब्यात साठवा आणि परवाना असलेल्या गोळा करणाऱ्याला द्या, ते पुन्हा शुद्ध होते. एकट्याच्या पाच-सहा लिटरसाठी तो येणार नाही, तालुक्याने मिळून दोनशे लिटरचा ड्रम भरला तर येतो. हे काम आपल्या तालुका शाखांनी अंगावर घ्यावे असे आम्ही सुचवतो.

यात वाचते किती? मजुरी धरली तर फार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. आणि आमचा मिस्त्री आमचा वैरीही नाही. क्रँक बसला तेव्हा त्यानेच दोन रात्री जागून गाडी उभी केली. फरक पडला तो असा की वर्षातून दोन-तीनदा आम्ही गाडीखाली जातो. तेव्हा पाट्याची तुटलेली पट्टी दिसते, ब्रेकची ओली नळी दिसते, घासलेला पट्टा दिसतो. गेल्या हंगामात ब्रेकची नळी अशीच सापडली, माल भरायच्या आदल्या दिवशी.

गाडी बाहेर लिंबाखाली उभी आहे. वायसर, गाळण्या आणि नवे ऑइल आणलेले आहे. चहा झाल्यावर ज्यांना हात घालायचा आहे त्यांनी यावे, जुना सदरा असेल तर घालावा. मायबहिणींनीही यावे. आमच्या वहीत दुसरी सही बहुतेक वेळा घरच्या बाईची असते, आणि वायसर बघितल्याशिवाय ती करत नाही. इंजिन गरम करायला आत्ताच माणूस पाठवला आहे.